सोमवारचं दुखणं

भानुमती मोघे रोज सकाळी साडेसहाला आपल्या मुलाला फसवायची आणि सातला देवाला फुलं वाहायची. दोन्ही कामं सारख्याच मनोभावे.

फसवणूक फार मोठी नव्हती. स्वयंपाकघराच्या फळीवर मेतकुटाच्या दोन बरण्या होत्या. मोठी काचेची सगळ्या घराची. छोटी चिनीमातीची, झाकणाला दोरा बांधलेली, ती एकट्या निशांतची. झाशीच्या नगरा मोहल्ल्यातल्या त्या घरात मेतकूट अजून घरीच भाजून दळलं जायचं, आणि ते काम भानुमती सुनेच्या हाती द्यायची नाही. दळून झालं की छोट्या बरणीत ती बरुआसागरच्या वैद्यजींच्या करड्या पुड्या मोजून मिसळायची. महिन्याला सव्वीस. तीस का नाही, तर चार सोमवार निशांतचा उपास. मेतकुटात मेथी असते, हिंग असतो, सुंठ असते. त्यात अजून थोडा कडवटपणा आला तर कुणाच्या बापाला कळणार होता? डब्यात भात, भातावर तूप, त्यावर छोट्या बरणीतले दोन चमचे. चमचा सपाट. शीग नाही. भानुमती मापाची पक्की.

तिला चोरी करायची हौस नव्हती. आधी तिनं सरळ मार्गानं विचारून पाहिलं होतं.

निशांत रेल्वेत होता, पण त्याची नोकरी गाडीत बसायची नव्हे. रुळांवरून ढकलत न्यायची एक गाडी असते, तिच्या पोटात सोनोग्राफीसारखं यंत्र, खाली रुळावर पाण्याची बारीक धार, आणि मागून हा, खडीवरून, दिवसाला आठ-नऊ किलोमीटर पायी. वरून आरशासारखा लखलखणारा रूळ आतून चिरलेला असेल तर त्या यंत्राला दिसतो. मग निशांत त्यावर तांबडी फुली मारतो आणि तो रूळ काढावा लागतो. सोबतचा ट्रॅकमन हरप्रसाद अहिरवार त्याला ‘पटरी के डागदर’ म्हणायचा. आई हे नाव सगळ्या गल्लीला सांगायची.

अडीच वर्षांपूर्वी ह्या डागदरची कंबर धरली. भानुमतीनं पुडी पुढे केली.

“ह्यात काय आहे?”

“जडीबुटी.”

“कुठली?”

“आता वैद्य तुला तिचं नाव-गोत्र सांगत बसणार का? माझे गुडघे बघ. जिना चढायला रडत होते. आता गच्चीवर पापड घालते.”

“आई, आत काय आहे ते कळल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. माझी नोकरीच ती आहे.”

“मग ओरडू नकोस रात्रंदिवस.”

“ओरडत नाही. पट्टा बांधलाय.”

त्यानं पट्टा बांधला आणि तिनं छोटी बरणी काढली. तीन आठवड्यांत कंबर मोकळी झाली. निशांतनं ऑफिसात चौघांना तो पट्टा घ्यायला लावला.

पुडीत काय होतं ते वैद्याला ठाऊक होतं. त्याला गोळ्यांचे डबे ठोकानं देणाऱ्यालाही ठाऊक होतं. बसथांब्यामागच्या त्या खोलीबाहेर सकाळपासून बसलेल्या साठ-सत्तर माणसांना तेवढं ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त एवढंच कळत होतं की मोठ्या दवाखान्यात गेलं की तपासण्या लिहून देतात आणि इथं आलं की बरं वाटतं. त्यांना मूर्ख म्हणायला फार अक्कल लागत नाही.

पुढच्या वर्षभरात निशांतचा चेहरा गोल झाला. गाल वर आले, मानेमागे मांसाचा उंचवटा आला. बायको शमिका ग्वाल्हेरची, माहेरी मराठी समजणारी आणि हिंदी बोलणारी. ती म्हणाली, “आई, ह्यांचा चेहरा देखा का? एकदम पुरी जैसा झालाय.”

“चाळिशी आली. अंग धरलंय. सासरचं खाणं मानवलं असं माझ्या आईनं म्हटलं असतं, पण तो तर माहेरीच आहे,” भानुमती म्हणाली आणि आपल्याच विनोदावर हसली. तिला मुलगा भरल्या अंगाचा बरा वाटत होता. त्याचे वडील श्रीकृष्णराव, गार्डाची नोकरी करून काडीसारखे गेले होते.

मग दुखणं जागा बदलून डाव्या जांघेत आलं.

डॉक्टर अलकनंदा निगम हाडांच्या. त्यांनी पाय आत वळवून पाहिला, बाहेर वळवून पाहिला. निशांतनं दात आवळले. एक्स-रे काढला. स्वच्छ.

“फोटो साफ है,” डॉक्टर म्हणाल्या, “पर एमआरआय करा लीजिए. कूल्हे की गोली को खून कम मिल रहा हो, तो एक्स-रे में महीनों कुछ नहीं दिखता. दारू?”

“नाही.”

“कोविड में या बाद में स्टेरॉइड? जिम का पाउडर? कोई देसी दवा, पुड़िया?”

“मैडम, मैं मशीन का आदमी हूँ,” निशांत हसून म्हणाला. “पुड़िया-वुड़िया हमारी माताजी का डिपार्टमेंट है.”

माताजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डॉक्टरांनी प्रश्न त्यांना विचारलेला नव्हता. न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायची त्यांच्या घरची रीत नव्हती. शिवाय स्टेरॉइड हे इंग्रजी औषध, आणि वैद्यजींच्या दारात तर तुळस लावलेली होती.

“एमआरआय कधी करता?” शमिकानं बाहेर आल्यावर विचारलं.

“फोटो साफ आहे ना? मग झालं. दिसेल तेव्हा बघू.”

हेच वाक्य एखाद्या रुळाबद्दल कुणी काढलं असतं तर निशांतनं त्याच्याविरुद्ध लेखी कळवलं असतं. पण रूळ सरकारचा होता आणि पाय स्वतःचा. खरं कारण वेगळंच होतं आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. कागदावर एकदा ‘खुबा’ आला की रेल्वेचे डॉक्टर चालण्याच्या कामावरून काढून फायलींपुढे बसवतात. आणि सतरा वर्षं चाललेल्या माणसाला खुर्चीत बसवलं की तो खुर्चीतच संपतो. असे दोघे त्यानं पाहिले होते.

डॉक्टरांची एकच गोष्ट त्यानं ऐकली. “दुखणं रोज लिहून ठेवा,” त्या म्हणाल्या होत्या, आणि लिहायचं म्हटलं की निशांतला हुरूप यायचा. रुळांच्या चिरा नोंदवायची जाड वही होती, तशीच एक त्यानं पायासाठी घातली. तारीख, वार, कुठल्या भागात चाल, सकाळी दुखणं दहापैकी किती, संध्याकाळी किती.

इकडे भानुमतीनं सव्वीसाच्या बावन्न पुड्या केल्या.

दुखणं निम्म्यावर आलं. निशांतनं एमआरआयचा कागद फ्रिजवरच्या टोपलीत टाकला, विजेच्या जुन्या बिलांखाली. सहा महिने तो तिथं होता. ह्या सहा महिन्यांत निशांत अंदाजे बाराशे किलोमीटर चालला, आणि जिथं जिथं चीर सापडली तिथं तिथं फुली मारून आला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, सीपरी बाजारात, ई-रिक्षातून उतरताना त्यानं डावा पाय खाली टेकवला आणि तो पाय त्याच्याखाली राहिलाच नाही. आत काहीतरी दबल्यासारखं झालं. हातातला भोपळा घरंगळत चपलांच्या दुकानापर्यंत गेला. भानुमती आधी भोपळ्यामागे गेली, कारण तिला वाटलं हा नुसता घसरला. वळून पाहिलं तर तो रस्त्यावर बसलेला आणि दोन माणसं म्हणतायत, “भैया, उठो तो सही.”

“उठता येत नाही, आई,” तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात. पाणी संपलंय, असं सांगावं तसं.

मग एमआरआय झाला.

डॉक्टर निगम यांनी चित्र पडद्यावर लावलं. मांडीच्या हाडाच्या वर एक गोळा असतो, तो कमरेच्या वाटीत फिरतो. डाव्या गोळ्याचा माथा चेपला होता, सायकलच्या घंटीवर कुणी हातोडी मारावी तसा. “रक्त बंद झालं, हाड मेलं, मेलेलं हाड वजनानं बसलं,” डॉक्टर हिंदीत म्हणाल्या. “सहा महिने आधी हा एमआरआय केला असतात तर वाचवला असता. आता हा बदलायचा.”

“ठीक है,” निशांत म्हणाला. रूळ बदलायची त्याला सवय होती.

“आता उजवा बघा.”

“उजवा दुखत नाही.”

“मैंने पूछा नहीं कि दुखता है. मैंने कहा देखिए.”

उजव्या गोळ्यात, आत, एक पांढरी वाकडी रेघ होती. गोळा अजून गोल होता. निशांत त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिला. पडद्याजवळ तोंड नेलं. खोलीत तोच एक माणूस होता ज्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“किती दिवस?” त्यानं विचारलं.

“आठवडे. महिने. पर खड़ा नहीं रहेगा, अगर छोड़ दिया.”

योजना अशी ठरली. डाव्या बाजूला नवा सांधा. त्यासाठी आधी सीटीवरून संगणकात अख्खा खुबा उभा करायचा, नवी वाटी किती अंशात बसवायची ते तिथं ठरवायचं, आणि ऑपरेशनच्या वेळी यंत्राचा हात डॉक्टरांच्या हातातलं हत्यार त्या रेषेबाहेर जाऊ देत नाही. त्याच भुलीत उजव्या बाजूला एक बारीक बोगदा पाडायचा, आतला दाब मोकळा करायचा, आणि निशांतच्याच कमरेच्या हाडातला मगज काढून, त्यातल्या कामाच्या पेशी गाळून त्या बोगद्यात सोडायच्या. नवं हाड धरलं तर धरलं. दहातल्या सात जणांचं ह्या पायरीवर धरतं, डॉक्टर म्हणाल्या. उरलेल्या तिघांबद्दलही सांगितलं, लपवलं नाही.

घरी नानासाहेब आले. श्रीकृष्णरावांचे चुलत भाऊ, निवृत्त हेडक्लार्क, आणि ज्या विषयातलं काही कळत नाही त्या विषयात तातडीनं येणारे.

“रोबोट करणार ऑपरेशन? म्हणजे डॉक्टरीण काय करणार, चहा पिणार?”

“रोबोट फक्त हात धरतो काका. भटकू देत नाही.”

“मला बत्तीस वर्षं साहेबानं असंच धरलं होतं. बरं, आणि उजव्याला भोक का? न दुखणाऱ्या पायाला भोक पाडायचं, हे कुठलं शास्त्र? गळत नाही ते छप्पर कुणी उकलतं का?”

“मी तेच करतो रोज,” निशांत म्हणाला. “सरकार पगार देतं.”

भानुमती भात कालवत होती. दोन सपाट चमचे. मुलगा हिमतीचा आहे, आणि आता तर त्याला पुडीची गरज जास्तच आहे, असं तिला मनापासून वाटत होतं.

गुरुवारी तो भरती झाला. ऑपरेशन शनिवारी. दवाखान्यात घरचं अन्न बंद, त्यांचाच डबा. भानुमतीनं मेट्रनशी भांडून पाहिलं, “अहो, नुसता भात आहे हो, पेशंट का मन लगेगा,” पण मेट्रन केरळची होती, तिला भाताचं कौतुक नव्हतं.

शुक्रवारी सकाळी निशांत उठलाच नाही. म्हणजे डोळे उघडे, पण मान उचलेना. उलटी झाली, दुसरी झाली. रक्तदाब खाली, साखर खाली, कपाळावर थंड घाम. शमिका ओरडत गेली. डॉक्टर निगम आल्या, त्याच्याकडे एक मिनिट पाहिलं, गोल चेहऱ्याकडे, शर्ट वर करून पोटावरच्या जांभळ्या भेगांकडे. आधी शिरेतून रक्त काढायला लावलं आणि लगेच त्याच सुईतून एक इंजेक्शन दिलं. दोन तासांत निशांत उठून बसला आणि चहा मागू लागला.

दुपारी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी खुर्ची पलंगाशी ओढली. खोलीत तिघंच घरचे: निशांत, शमिका, आणि खिडकीशी भानुमती.

“शरीरात एक रस तयार होतो,” डॉक्टर म्हणाल्या, “त्याशिवाय माणूस ताप, जखम, ऑपरेशन काहीच सोसू शकत नाही. तुमच्या शरीरानं तो बनवणं जवळजवळ बंद केलंय. कारखाना केव्हा बंद पडतो? बाहेरून तोच माल फुकट येत असतो तेव्हा. आणि काल बाहेरचा माल थांबला. कौन दे रहा है?”

“कोई नहीं.”

“निशांतजी, खून झूठ नहीं बोलता.”

“मैं भी नहीं बोलता!” तो चिडला. “चाय, खाना, पानी. बस. सिगरेट तक नहीं.”

“फिर मैं कल हाथ नहीं लगाऊँगी. किती जातंय, किती दिवस जातंय, कळल्याशिवाय पुढचे महिने मी तुम्हाला सांभाळू कशी? आणि ते जाणं थांबलं नाही तर उजव्यात मी कितीही पेशी सोडल्या तरी मरणार. थांबायचं तर थांबा. रेघ थांबणार नाही.”

निशांतनं उशाखालून वही काढली. “हे सगळं लिहिलंय. ह्यात काही असेल तर बघा.”

डॉक्टरांनी पानं उलटली. पहिल्यांदा भराभर, मग हळू. मग बोट ठेवून, एकेका ओळीवर.

“सोमवार को क्या होता है?”

“सोमवारी माणिकपूर लाईन,” निशांत म्हणाला. “तिकडे खडी नवी आहे, पाय जास्त वळतो. म्हणून सोमवार सात, बाकी दिवस तीन.”

“दिसंबर में आप छुट्टी पर थे. तीन हफ़्ते. चले ही नहीं. सोमवार तब भी सात.”

डॉक्टरांनी वही त्याच्यापुढे धरली.

“सोमवार को क्या नहीं खाते?”

“उपास असतो. साबुदाणा, दाणे, रताळं.”

“और बाकी दिन?”

“डबा. भात-मेतकूट. आई देते.”

“मेतकूट क्या?”

“मैडम, हम लोगों का एक पाउडर होता है,” शमिका म्हणाली. “दाल-चावल भूनके. उसमें कुछ नहीं है, वो तो सब खाते हैं. मैं भी खाती हूँ.”

“घर से मँगवाइए. देखना है.”

“मी आणते,” भानुमती म्हणाली.

ती ऑटोनं घरी निघाली. मूर्ख बाई नव्हती ती. सोमवार ह्या शब्दालाच तिला सगळं कळलं होतं, डॉक्टरांच्याही दोन वाक्यं आधी. सव्वीसाचा हिशोब तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला माहीत होता?

घरी फळीवर दोन बरण्या होत्या. ती खाली उभी राहिली.

मोठी बरणी न्यायची. त्यात डाळी, मेथी, हिंग. तपासून तपासून काय सापडेल? डॉक्टर दुसरीकडे शोधतील. ट्रॅकवरचा चहा, हरप्रसादची तंबाखू, काय वाटेल ते. छोटी धुऊन पालथी घालायची, पुड्या मोरीत. आजपासून एक कणही द्यायचा नाही. निशांतला आईनं काय केलं ते जन्मात कळणार नाही. हे सगळं तिनं नीट, क्रमानं, एखादा पदार्थ ठरवावा तसं ठरवलं. मोरीपर्यंत गेलीसुद्धा. नळ सोडला.

पण दुसरीकडे शोधायला किती आठवडे लागतील, ते तिनं विचारलं नव्हतं. आणि रेघ थांबणार नाही, हे तिच्यासमोर बोललं गेलं होतं.

तिनं नळ बंद केला.

दवाखान्यात ती परत आली तेव्हा दोन्ही बरण्या पिशवीत होत्या, आणि देवघरामागून काढलेला पुड्यांचा गठ्ठाही. तिनं सगळं पलंगाच्या टेबलावर मांडलं. मग सवयीनं पदर सारखा केला आणि डॉक्टरांशी हिंदीत बोलू लागली, कारण मराठीत बोलायचं तर मुलाकडे बघावं लागलं असतं.

“ये बड़ीवाली सबकी. इसमें कुछ नहीं है. ये छोटीवाली इसकी. दो साल चार महीने. पहले महीने की छब्बीस पुड़िया. अगस्त से बावन. सोमवार को कभी नहीं दी. दिवाली में चार दिन नहीं दी, ये अपनी ससुराल गया था, तब भी इसको दर्द हुआ था, उल्टी भी, कॉपी में होगा. दो चम्मच, सपाट. शीग नहीं. शीग को क्या बोलते हैं… ऊपर तक भरा हुआ. वैसा नहीं.”

डॉक्टर लिहीत होत्या. लिहिता लिहिता पेन थांबलं. “माताजी, अठारह साल में किसी मरीज़ ने मुझे इतनी साफ़ हिस्ट्री नहीं दी.”

ही स्तुती आहे असं कुणालाच वाटलं नाही.

“आई,” शमिका म्हणाली, आणि पुढे तिला ना मराठी सापडली ना हिंदी. “आई, तुम्ही… छी.”

निशांत छोट्या बरणीकडे बघत होता. झाकण उघडलं. वास घेतला. बोटाला लावून जिभेवर ठेवलं, थुंकलं. वही ओढून घेतली, दिवाळीचं पान काढलं, ताडून पाहिलं. बरोबर होतं. त्यानं वही मिटली.

“मी तुला विचारलं होतं, ह्यात काय आहे,” तो म्हणाला.

“तुझी कंबर दुखत होती रे.”

“मी नाही म्हटलं होतं.”

“दुखत होती, निशू. आईला बघवत नाही.”

त्यानं बरणीचं झाकण पुन्हा लावलं. मग म्हणाला, “आप घर जाइए. आराम कीजिए.”

बाहेरच्याला ह्यात काही दिसणार नाही. नम्र हिंदी आहे, आदरार्थी आहे, झाशीत सगळे असंच बोलतात. पण मोघ्यांच्या घरात मराठी उंबऱ्याच्या आतच चालायची, बाहेर तिला कुणी विचारत नव्हतं. दुकानदाराशी हिंदी, साहेबाशी हिंदी, शेजाऱ्याशी हिंदी. आईशी मराठी. निशांतनं एकोणचाळीस वर्षांत आईला ‘आप’ म्हटलं नव्हतं. चापट मारली असती तर तिला कमी लागलं असतं, आणि हे त्यालाही माहीत होतं.

ती गेली.

ऑपरेशन शनिवारऐवजी मंगळवारी झालं, शिरेतून तो रस मोजून देत देत. यंत्राच्या हातानं डॉक्टरांचा हात भटकू दिला नाही. डावीकडे धातू आणि सिरॅमिक बसलं, उजवीकडे बोगदा पडला आणि त्यात निशांतचाच मगज गेला. दुसऱ्या दिवशी तो वॉकर धरून उभा राहिला. उजव्या पायावर सहा आठवडे भार द्यायचा नव्हता. पुढे आठ महिने त्याला रोज मोजून, उतरत्या मापानं गोळ्या घ्यायच्या होत्या, बंद कारखाना हळूहळू चालू व्हावा म्हणून. त्या गोळ्या तो स्वतः काढून स्वतः घ्यायचा. डब्यावर तारखा होत्या. कुणाला हात लावू द्यायचा नाही.

पुड्यांचा तपासणी-अहवाल आला. एक स्टेरॉइड, एक वेदनाशामक, बाकी राख आणि आवळा. शमिकानं तक्रार केली. वैद्यजींची खोली पाच दिवस बंद राहिली, सहाव्या दिवशी दोन दुकानं पलीकडे उघडली, तुळशीसकट. संकष्टीच्या आरतीला भानुमतीनं चारचौघींत उभं राहून सगळं सांगितलं, स्वतःची लाज न ठेवता, बरणीसकट. ऐकून सगळ्या हळहळल्या. नंतर प्रसाद वाटताना दोघींनी तिला बाजूला घेऊन नव्या खोलीचा पत्ता विचारला.

घरात निशांत हिंदीत बोलत राहिला. “खाना रख दीजिए.” “लाइट बंद कर दीजिए.” ती मराठीत उत्तर द्यायची. असं मे आला, जून आला. जूनच्या एमआरआयमध्ये उजवा गोळा गोल होता. “अभी तक तो पकड़ के रखा है,” डॉक्टर निगम म्हणाल्या आणि त्यापलीकडे एक शब्द द्यायला तयार झाल्या नाहीत. रेल्वेनं त्याला वर्षभर बसायचं काम दिलं. मग पुन्हा तपासणी. चालायला मिळेल की नाही ते तेव्हा.

निघता निघता डॉक्टरांनी भानुमतीकडे बोट दाखवलं. “और आप? आप चार साल से खा रही थीं न?”

तिची पुडी डॉक्टरांनी मार्चमध्येच उतरत्या गोळ्यांवर आणली होती, आणि गुडघे पुन्हा रडू लागले होते. आता हाडांची घनता मोजली, पाठीचा फोटो काढला. कण्यातला एक मणका कधीच चेपला होता, तिला न कळता. दोन वर्षं ती म्हणत होती की हल्ली साड्यांचा पन्हा मोठा येतो, जमिनीवर लोळतात. दुकानदाराशी एकदा भांडलीही होती. साड्या तेवढ्याच होत्या. भानुमती दीड इंच कमी झाली होती.

“दो रास्ते हैं,” डॉक्टर म्हणाल्या. “वर्षातून एकदा सलाईनमधून औषध. अर्धा तास, की वर्षाची सुट्टी. किंवा हाड नव्यानं बांधणारं इंजेक्शन. ते जास्त चांगलं, पण रोज घ्यावं लागतं, पोटात, दोन वर्षं. घरी कुणीतरी द्यायला हवं. बेटा सीख लेगा, पेन जैसा होता है. पर रोज़ की सुई है, माताजी. तुमच्या वयाला, तुमच्या मणक्याला दोन्ही चालतील. सोचकर बताइए.”

भानुमतीला सुईची भीती होती. लहानपणी देवीची लस टोचायला आले तेव्हा ती कणगीमागे लपली होती. निशांतच्या जन्माच्या वेळीही तिनं नर्सचा हात चावला होता.

“साल वाली ठीक रहेगी,” निशांत दाराकडे बघत म्हणाला. “इनको सुई से डर लगता है.”

“रोजची द्या,” भानुमती म्हणाली.

“रोज़?” डॉक्टर म्हणाल्या.

“रोज. दोन वर्षं.”

शमिकानं सासूकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि पर्स उघडून उगाच काहीतरी शोधू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निशांत काठी टेकत स्वयंपाकघरात आला. फ्रिजमधून पेन काढलं. पेटीवरचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. आत काय आहे, किती आहे, कुणी बनवलं, केव्हापर्यंत चालेल. वाचलेलं आईला हिंदीत मोठ्यानं वाचून दाखवलं, ओळ न् ओळ, दुष्परिणामांसकट. ती पदर कमरेशी सरकवून स्टुलावर बसली होती.

“ठीक है? दे दूँ?” त्यानं विचारलं. “हाँ बोलिए. बिना पूछे नहीं दूँगा.”

“हो,” भानुमती म्हणाली आणि डोळे गच्च मिटले. “दे.”